मांडीला जागा, मग ताटाला

तुम्ही बसलात की तुमच्या गुडघ्यांना किती जागा लागते, हे तुम्हाला आजवर कुणी विचारलं आहे का? मला एकाच माणसाने विचारलं. तेही तोंडाने नाही. पंगतीची पट्टी अंथरताना तो स्वतः खाली बसायचा, ऐसपैस मांडी घालायचा, दोन्ही गुडघ्यांवर तळवे टेकवायचा आणि मग म्हणायचा, "मांडीले जागा द्या, मंग ताटले."

धुळ्याला, देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. सगळे त्यांना नाना म्हणत. लग्न असो, बारसं असो, पंगत मांडायला नानांना बोलवायचं हा गल्लीचा रिवाज होता. त्यांना ते काम कुणी दिलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणत, "माले बठाडता येस, म्हनीसन."

बसवणं हेही एक काम असतं, हे मला तेव्हाच कळलं. दोन ताटांमध्ये गुडघा मावला पाहिजे. दोन ओळींमध्ये वाढप्याचं पाऊल पडलं पाहिजे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, आणि सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. दात नसलेली एखादी आजी वरणात बट्टी कुस्करत बसायची आणि अख्खी ओळ वाळल्या हातांनी तिची वाट बघायची.

पारोळ्याच्या एका लग्नात यजमान घाईला आले. "नाना, जरा सरकवून घ्या ना. एकाच पंगतीत उरकेल."

"मंग दोन पंगती करा, भाऊ. माणसे जेवाले येल शेत, गव्हाना पोता नहीत थप्पी लावाले."

यजमान तोंड फिरवून गेले. पंगती दोन झाल्या.

नानांची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेलेली. नानी वारल्या होत्या. मुलीचे दिवस भरत आले तेव्हा बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन नाना एकटेच निघाले. विमानात पहिल्यांदाच. परत आल्यावर गिरणीच्या ओट्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारत राहिले, कारण मी अजूनही विमानात बसलेली नाही.

"कशी असते हो नाना, आतली जागा?"

"तठे उलटं शे, माय. ताटले फळी शे, मांडीले जागाच नही."

बसल्याबरोबर त्यांचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले. पुढच्याने पाठ मागे टाकली, तेव्हा ती खुर्ची जवळजवळ त्यांच्या कुशीतच आली. नानांना राग नाही आला, नवल वाटलं. हे कुणी आखलं असेल? आखणारा ठेंगणा असेल का?

मग जेवण आलं. नानांनी हात जोडले आणि थांबले. मागच्या ओळींना वाढायचं बाकी होतं ना! जेवणाची गाडी मागे मागे जात राहिली. विमान केवढं लांब! शेवटी वाढणारी हवाई सुंदरी ताटं गोळा करत परत आली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

नानांनी विचारलं, "बठ्ठासले वाढाई गयं का?"

सगळ्यांना वाढून झालं का, हे तिला कुठून कळणार? ती गोड हसली आणि न उष्टावलेलं ताट घेऊन गेली.

मी हसून लोटपोट झाले. नानाही हसले. "लाडू होते की जवळ," मी म्हटलं.

"त्या बाळंतीणना व्हतात."

पण पुढची गोष्ट हसण्याची नव्हती. त्यांची खुर्ची खिडकीशी. शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर तान्हं बाळ, दोघंही झोपलेली. बाहेर पडायचं तर तिला उठवायला हवं, कारण पाऊल टाकायलाही फट नव्हती. नाना उठलेच नाहीत. मी चिडून विचारलं, "का पण?"

"भरेल पंगतमाईन कसा उठू मी?"

उतरले तेव्हा पोटरी सुजून टणक झालेली. रक्ताची गाठ. मुलगी एका दवाखान्यात बाळंत झाली आणि बाप दुसऱ्या दवाखान्यात पाय वर करून पडला. नातू त्यांनी आधी फोनवर पाहिला, मग मांडीवर घेतला.

परतताना त्यांना कडेची खुर्ची मिळाली आणि डॉक्टरांनी अधूनमधून चालायला सांगितलेलं. नाना चालत चालत पार पुढे गेले आणि त्यांनी महागड्या वर्गाचा पडदा जरा बाजूला करून पाहिलं. आत माणसं पाय पसरून झोपलेली.

"एकच वऱ्हाड," ते मला म्हणाले, "अन् दोन पंगती."

माझ्या आजोबांनी पंक्तिभेदाविरुद्ध पत्रकं वाटली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. जातीचा पंक्तिभेद आणि हा, दोन्ही एक नव्हेत, हे मला कळतं. जातीने बाहेर बसवलेल्याला तिकीट काढून आत येता येत नव्हतं. पण माणसाला किती आखडायचं हे त्याला न विचारता ठरवायची सवय मात्र तीच आहे. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुन्हं पत्रक व्हयी गयं का? चहा लई ये आते."

काही महिन्यांनी मी त्यांना एक बातमी वाचून दाखवली. लांब पल्ल्याच्या विमानांत साध्या वर्गाच्या खुर्च्या आणखी दाटीने बसवणार. पाठी पातळ करणार, ओळीत एक खुर्ची वाढवणार. नानांनी गिरणीचा पट्टा थांबवला. "जो आखस, तो बठीसन दखस का? अख्खा रस्ता?"

हे बातमीत नव्हतं. मी खूप शोधलं. कुठेच नव्हतं.

नातू तेव्हा उभा राहायला लागला होता. फोनवर दिसायचा, टाळ्या वाजवायचा. मुलगी रोज म्हणायची, या. धुळ्याचे डॉक्टर म्हणायचे, एवढं आखडून बसणं पुन्हा पुन्हा नको, पायाचा भरवसा नाही. मुलगी म्हणाली, पडद्यापुढचं तिकीट काढते. नाना त्याला तयार होईनात.

"पडदाआड पाय लांब करीसन एकटा जेवू? मन्हा घास गळाखाल उतराव नही."

"नाना, हा हट्ट आहे," मी म्हटलं. "नातू हवा की तत्त्व?"

ते माझ्याकडे बघून हसले. "पत्रकवाली, हाई तू इचारस?"

मी चहा आणायला उठले.

शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. जायचं, साध्या खुर्चीतून, कडेला बसून, चालत चालत. पण परत यायचं नाही. "एकदाव बठसू. दुसरांदाव नही." मुलगी तिकडची नागरिक, कायम राहायचे कागद झाले. गिरणी भाच्याकडे गेली. एक माणूस देवपूर सोडून कायमचा गेला, कारण परतीच्या वाटेवर त्याच्या गुडघ्यांना जागा नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी गल्लीला जेवण दिलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. पट्ट्या त्यांनीच अंथरल्या, दर ताटाच्या जागी बसून पाहिलं आणि सगळ्यांत शेवटी कडेच्या ताटावर बसले. आमची जेवणं उरकली. नानांच्या ताटात एक घास उरला होता. ते त्या घासाकडे पाहत बसले. बोटांनी फिरवत राहिले. भाजी वाळली, ऊन ओट्यावरून उतरून खाली आलं, आमचे हात कोरडे झाले. कुणीही उठलं नाही. शेवटी मुलांपैकी कुणीतरी कुजबुजलं, तर त्याच्या आईने त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला गप्प केलं.

पट्ट्या आता माझ्याकडे आहेत. परवा फोन आला. नातू मांडी घालून बसायला शिकला म्हणे. नानांचा पाय ठीक आहे.

तुम्ही विमानात बसणारे असाल तर एक काम करा. उतरल्यावर कंपनी तुम्हाला विचारते, प्रवास कसा झाला? तो प्रश्न पुसून टाकू नका. त्याखाली नानांचा प्रश्न लिहून पाठवा: ज्याने ही खुर्ची आखली, तो तिच्यात बसून अख्खा रस्ता गेला आहे का? आणि उत्तर येईपर्यंत पंगतीतून उठू नका.