शेवटच्या कडव्यातलं नाव

अप्पाराव गुरुजींनी उभ्या जन्मात हातोडा धरला नव्हता. भिंतीत खिळा ठोकायचा तरी शेजाऱ्याला हाक जायची. पण परतूर-मंठ्याकडच्या कुठल्याही जयंतीला जा, गुरुजी पेटी पुढ्यात ओढून, डोळे मिटून, भरल्या गळ्यानं गात असायचे:

फूट रे दगडा, फूट रे आता,
तुझ्यातून जाती शाळेच्या वाटा.

गाणं गिरिजाबाईंचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात परतूरजवळच्या रस्त्याच्या कामावर त्या खडी फोडायच्या. शाळा सुटल्यावर गुरुजी तिथून सायकलवर जायचे. एके दिवशी हा आवाज कानावर पडला आणि त्यांनी सायकल बाभळीला टेकवली. प्रत्येक ओळीच्या मध्यावर बाई थांबायच्या, हातोडा पडायचा, छातीतून ‘हं’ निघायचा आणि मग त्या उरलेली ओळ उचलायच्या. त्या ‘हं’नं गुरुजींच्या अंगावर काटा आला. बाईंना लिहिता येत नव्हतं. गुरुजींनी कामावरच्या हजेरी-मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर गाणं उतरवून घेतलं. मग दुसरं, मग तिसरं. चार महिन्यांत एकोणीस गाणी झाली.

आपल्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव असतं. नाव न्हाई ते गाणं बेवारशी. बाईंनीही ते घातलं होतं:

गिरिजा सांगे, खडी मी फोडी,
लेकीच्या पायाला वाटंची गोडी.

पहिल्याच कार्यक्रमात या कडव्यापाशी गुरुजींची जीभ अडखळली. पुरुषाच्या तोंडी बाईचं नाव कसं दिसेल? आजच्यापुरतं, असं मनाला समजावून त्यांनी ‘अप्पाराव सांगे’ म्हटलं. टाळ्या पडल्या, हार पडला. हार गळ्यात पडला की माणसाचा कान जरा झाकला जातो. ‘आजच्यापुरतं’ पाच वर्षं चाललं. मधला ‘हं’ही गेला, कारण ढोलकीवाल्या शिवाजीला वाटायचं, गुरुजी ओळ विसरले.

गंमत अशी, की गुरुजींना तिन्ही मुलगेच. लेक नाही, खडी नाही, आणि माणूस जीव तोडून सांगतोय, ‘खडी मी फोडी’! कुणालाच काही वावगं वाटलं नाही. गाणं आवडलं की लोक चौकशी करत नाहीत.

पंच्याहत्तर साली जालन्याला पुस्तिका छापली. वर गुरुजींचा फोटो, टोपी जरा तिरपी. गिरिजाबाईंनी जयंतीच्या बाजारातून ती विकत आणली आणि गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसल्या.

“गुरुजी, ह्याच्यात माझं कंचं हाये?”

गुरुजींनी पान काढून दिलं. बाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, जसं तान्ह्याच्या गालावरून फिरवतात.

“नाव कुठं हाये माझं? शेवटचं वाचा की.”

गुरुजींच्या डोळ्यांपुढं छापील ‘अप्पाराव सांगे’ होतं. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, “गिरिजा सांगे, खडी मी फोडी...”

बाईंनी पुस्तिका पदरात गुंडाळली. गुरुजींच्या बायकोनं केलेला चहा त्या फुंकून फुंकून प्यायल्या आणि गेल्या. गुरुजींचा चहा तसाच राहिला. रोज पन्नास पोरांना खरं बोला म्हणून शिकवणाऱ्या माणसानं न शिकलेल्या बाईला खोटं वाचून दाखवलं होतं.

त्यानंतर बाईंच्या गावचं बोलावणं आलं, की गुरुजींची डायरी अचानक भरायची. “तारीख खाली न्हाई.” कोरी पानं शिवाजीला दिसायची. तो ढोलकीची दोरी आवळत बसायचा.

अठ्ठ्याहत्तरला मंठ्याच्या जयंतीचा मंडप. टळटळीत दुपार. तीन गाणी झाली आणि ‘फूट रे दगडा’ सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात गुरुजींनी डोळे उघडले, तर बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत गिरिजाबाई. मंठ्याला दिलेल्या लेकीकडं आल्या होत्या. मांडीवर तीच पुस्तिका.

तिसरं कडवं गुरुजींनी दोनदा म्हटलं. शिवाजीनं डोळ्यांनी विचारलं, काय करून राह्यले? शेवटी सुटका नव्हती. गुरुजींनी श्वास भरून घेतला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा खरं नाव गायलं:

“गिरिजा सांगे...”

“ओ गुरुजी, चुकलं!” मागून एक जण ओरडला. “अप्पाराव म्हणा, अप्पाराव!”

आणि अख्ख्या मंडपानं टाळ्यांच्या ठेक्यावर कडवं उचललं: “अप्पाराव सांगे, खडी मी फोडी!” बायकासुद्धा म्हणत होत्या. गिरिजाबाईंनी एकदा मागं वळून पाहिलं, मग मांडीवरच्या पुस्तिकेकडं, मग गुरुजींकडं.

गुरुजी माईकवर बोलले, “मंडळी, चूक न्हाई. हे गाणं ह्या बाईंचं हाये. मी चोरलं.”

मंडपात हशा पिकला. गुरुजींचं विनोदी बोलणं लोकांना माहीत होतं. कुणीतरी हारही आणून घातला.

कार्यक्रमानंतर मंडपामागं बाई उभ्या होत्या. गुरुजी हार हातात घेऊन समोर गेले, खाली मान.

“तुमाला लेक किती, गुरुजी?”

“न्हाई, बाई. तिन्ही पोरंच.”

“मंग ‘लेकीच्या पायाला’ म्हणताना लोकाईला कसं कळलं न्हाई हो?”

गुरुजींना रडू येत होतं आणि त्यातच हसूही फुटलं. ते त्यांनी कसंबसं गिळलं. “बाई, काय करू सांगा.”

“माझ्या गावाला कार्यक्रम घ्या. पेटी तुमी वाजवा, म्हणंन मी. आन मधला ‘हं’ गाळू नका. हातोडा काय हवंत पडतो का?”

गुरुजींनी डायरी काढली. तारखा मोकळ्याच होत्या. त्यांनी लिहिलं.

“लिवलं?”

“लिहिलं. सात मे. गाणार गिरिजाबाई, गाणी गिरिजाबाईंची.”

बाईंनी त्यांच्या हातातून डायरी घेतली आणि ढोलकी बांधत असलेल्या शिवाजीपुढं धरली.

“शिवाजी, बाबा, तू वाच.”