मेंढरं बसायची ती जागा

“जागा विकून राह्यला का पंगतीला बसवून राह्यला हा माणूस?” बाई नवऱ्याच्या कानाशी बोलली होती, पण वारा माझ्या बाजूला होता.

मामा रिकाम्या प्लॉटच्या मधोमध मांडी घालून बसले होते आणि समोरची ढेकळं हातानं बाजूला सारून त्या दोघांना बोलावत होते. “बसा ना. नकाशा मंग बघा. आधी बसा.” नवरा कुठल्याशा शाळेत क्लार्क होता, पांढऱ्या पँटीत आलेला. तो रुमाल अंथरून बसला. बाई उभीच राहिली.

“कसं वाटून राह्यलं?”

“उन्हात बसल्यासारखं,” क्लार्क म्हणाला.

“बराबर. पण इथं तुम्ही श्रावणात बसले तरी खालून ओल लागणार न्हाई. इथं आमची मेंढरं बसायची. मेंढरू ओल्यात बसत न्हाई.”

त्या दोघांनी तो प्लॉट घेतला. मामांकडचे बहुतेक प्लॉट असेच गेले. शहराच्या कडेला असे एजंट तुम्हीही पाहिले असतील. हातात दोन फोन, गळ्यात चेन आणि येणाऱ्या हायवेच्या गोष्टी. मामांकडे एकच फोन होता आणि तो बहुतेक वेळा चार्जिंगला लावलेला असायचा. त्यांचं ऑफिस म्हणजे जालन्याहून वाटूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पत्र्याचा गाळा. सगळा रस्ता त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले.

डिप्लोमा झाल्यावर मी त्यांच्याकडे लेआउटचे नकाशे काढायला लागले. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठीत काही बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवून बघायचे, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मामांना त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाइकाला ते माझी ओळख करून द्यायचे, “मॅडम बोलत न्हाईत. पण त्यांची लाइन वाकडी जात न्हाई.” मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, तरी मला ते अहो-जाहोच करायचे.

मेंढरांची गोष्ट खरी होती. मामांचे वडील मेंढपाळ. पिकं निघाली की शेतकरी रात्रीपुरती मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. पावसाळ्यात मात्र बसायची जागा मेंढपाळाला स्वतः शोधावी लागे, कारण ओल्यात बसून मेंढरांची खुरं सडतात. असा पडीक, कोरडा उतार मामांच्या वडिलांनी शोधलेला होता. मामा लहानपणी त्याच उतारावर घोंगडी पांघरून झोपलेले. मोठेपणी जमिनीच्या व्यवहारात पडले, तेव्हा त्यांनी तीच जागा धरली. इंजिनिअरनं काय सांगितलं, सात-बाऱ्यावर काय आहे, हे ते बघायचेच. पण त्यांचा विश्वास बसायचा तो मेंढरांवर.

आमचं शहर त्या उताराच्या वरच्या अंगालाही वाढत होतं. आधी गोदामं आली. मग एक मंगल कार्यालय आलं आणि त्याचं सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं झाकलं. गल्ल्यांचे रस्ते सिमेंटचे झाले. मामा खूश होते, भाव वाढत होते. फक्त गाळ्यात बसवेना. संध्याकाळी भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी. “पूर्वी दिवस मावळला की उतारावर गार वारं सुटायचं. आता ते सुट्टीवर गेलंय,” असं म्हणून मामा पंखा माझ्याकडे वळवायचे.

पाऊसही बदलला होता. मामा झडीचं सांगायचे. चार-चार दिवस बारीक पाऊस लागून राहायचा, घोंगडी वाळायची नाही, आणि तरी उतारावर पाणी कधी साचायचं नाही. आता दिवसभर तापायचं, दुपार कलली की शहरावर काळं होऊन यायचं, तासाभरात सगळं ओतून आभाळ मोकळं. त्याच वेळी मामांच्या बहिणीचा वाटूरहून फोन यायचा. “तिकडं पडून राह्यला का रे? इकडं ढेकूळबी भिजलं न्हाई.”

तसाच एक पाऊस सप्टेंबरात दुपारी आला. गोदामांचे पत्रे, मंगल कार्यालयाचं अंगण, सिमेंटच्या गल्ल्या, सगळ्यांवरचं पाणी एकदम उतारावरून खाली आलं आणि आमच्या लेआउटच्या मागच्या गल्लीत शिरलं. मामांनी छत्री घेतली नाही. मी त्यांच्या मागे गेले. क्लार्कच्या घरात गुडघाभर गढूळ पाणी होतं, ज्वारीचं पोतं भिजून फुगलं होतं आणि बाई पलंगावर उभी राहून गाद्या वर धरून होती.

“या मामा,” ती म्हणाली. “मेंढरं कुठं बांधू सांगा.”

मामा पाण्यात उतरले. त्यांनी तिच्या हातातली गादी घेतली आणि डोक्यावर धरून बाहेर आणली. मग दुसरी. मग शेजारच्या घरातल्या म्हातारीला खुर्चीसकट उचललं. अंधार पडेपर्यंत त्यांच्या तोंडून मी “हं, पाय जपून” एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि माझ्या टेबलासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. “मॅडम, इंग्रजीत काय लिहून राह्यलेत पावसाबद्दल? जरा बघा बरं.”

मी दोन दिवस वाचलं. मग वाक्य जुळवून सांगितलं. सिमेंट, डांबर आणि पत्रे दिवसभर तापतात, तिथली हवा गरम होऊन वर जाते, आणि त्यामुळे काही शहरांवर किंवा त्यांच्या पलीकडच्या अंगाला पाऊस जोरात पडतो, असं दिसून आलंय. सगळीकडे तसंच होतं असं नाही. त्या दिवशीचा पाऊस शहरामुळेच आला असंही कोणी छातीठोक म्हणणार नाही, कारण एकूण हवाच तापलीय. पण पडलेलं पाणी मुरायला जागा राहिली नाही, एवढं नक्की.

मामा सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे घरंबी मी विकली, अन् पाऊसबी मीच बोलावला.”

“एकट्यानं नाही,” मी म्हणाले.

ते हसले. “बघा, बोलता येतं तुम्हाला.” मग उताराच्या वरच्या अंगाला बोट केलं. “मेंढरं चुकली न्हाईत, मॅडम. तेव्हा वरून येणारं पाणी वरच मुरत होतं. मी खालची जागा बघितली, वरची बघितलीच न्हाई.”

लेआउटच्या खालच्या टोकाला, रस्त्याखालच्या मोरीला लागून, कोपऱ्याचा एक प्लॉट विकायचा राहिला होता. मोक्याची जागा. मामांनी जेसीबी बोलावला आणि तो प्लॉट खोदून पुरुषभर खोल केला. मागच्या गल्लीतून त्यात चर काढला आणि तिथून मोरीला वाट करून दिली. त्यांचा भाचा तेव्हा नुकताच धंद्यात आला होता. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, “मामा, कॉर्नरचा प्लॉट आहे. लोक मागून राह्यलेत.”

“तो गेला.”

“कोणाला?”

“पाण्याला. त्याला कुठंतरी बसायला लागंल ना.”

“अन् खर्चा?”

“माझा.”

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी जेसीबीकडे बघितलं. ऑफिसात आल्यावर नकाशात मामांनी मला त्या चौकोनातला नंबर पुसायला लावला. पण मंजूर कागदावर तो नंबर होताच, आणि ते बदलण्याचं राहून गेलं.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ पुन्हा तसंच ओतलं. गल्लीतून पाणी धावत आलं, चरात वळलं आणि खड्ड्यात जाऊन बसलं. क्लार्कच्या घराची खालची पायरी बुडाली, वरची राहिली. संध्याकाळी बाईनं मामांना चहाला बोलावलं. मामा गेले, पण घरात बसले नाहीत. वरच्या पायरीवर बसून चहा प्याले. तिनंही आत चला म्हणून आग्रह केला नाही. तीही दारातच बसली आणि दोघं खड्ड्यातलं पाणी बघत राहिली.

मामा गेल्या थंडीत गेले. बहिणीकडे वाटूरला गेले होते, तिथंच झोपेत. त्यांच्या खुर्चीवर आता भाचा बसतो. माणूस वाईट नाही. ऑफिसला त्यानं कूलर बसवला, माझा पगार वेळेवर होतो. मार्चमध्ये त्यानं खड्ड्यात मुरूम टाकायला सुरुवात केली. क्लार्कची बायको येऊन भांडून गेली. भाचा तिला म्हणाला, “काकू, कागदावर प्लॉट आहे तो. तलाव न्हाई.” कागदाचं बोलणं खरं होतं, म्हणून ती गेली.

मे महिन्यात आष्टीकडचं एक जोडपं आलं. नवरा टेम्पो चालवणारा, बायको सात-आठ महिन्यांची गरोदर. आधी जाऊन त्यांनी कोपरा बघून घेतला होता. नवऱ्याला मोरीजवळ टेम्पो लावायला जागा आहे हे आवडलं होतं.

“पावसाचं पाणी तर येत न्हाई ना तिथं?” बायकोनं विचारलं.

“बिलकुल न्हाई,” भाचा म्हणाला. “चांगली भर टाकून राह्यलो ना. मॅडम, यांना नकाशा दाखवा जल्दी.”

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. नवरा पुढे वाकून रस्त्याची रुंदी बघायला लागला. ती स्क्रीनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. भाच्यानं विसारपावतीचं पुस्तक उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

“येतं,” मी म्हणाले. “आणि तिथं बसू दिलं नाही, तर मागच्या गल्लीत लोकांच्या घरात जातं.”