फिदवीकाकांची दरखास्त

फिदवीकाका देवाची प्रार्थना करत नसत, देवापुढे दरखास्त पेश करत. भालकीच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. निजामाच्या अमलात अर्ज उर्दूत आणि ठरावीक थाटात लागायचा. तो थाट काकांच्या अंगात इतका मुरला होता की रविवारी प्रार्थनामंदिरातही सुटत नसे. टोपी काखेत मारून ते सुरू करत, "बखिदमत जनाब शहेनशाह-ए-आसमान! फिदवी दावीद वल्द मारुती, साकीन भालकी, जिल्हा बिदर, अर्ज करतो की..." फिदवी म्हणजे अर्ज करणारा नम्र सेवक. आम्ही त्यांना तेच नाव चिकटवलं आणि त्यांनी ते आनंदाने मिरवलं.

पाळकसाहेबांना या थाटाचा संकोच वाटे. एकदा ते हळूच म्हणाले, "काका, देवाला तुमचा पत्ता ठाऊक आहे."

"ठाऊक असंल की," काका म्हणाले. "पर दावीद काय मी एकटाच हाय व्हय? घोळ कामून करून ठिवायचा?"

पावसासाठी ते फक्त भालकी तालुक्यापुरती मागणी करत. शेजारच्या औराद तालुक्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्यांची हद्द येगळी. त्यांचे त्यांनी अर्ज करावेत." त्या आठवड्यात औरादला झोडपून पाऊस झाला आणि भालकीत थेंब नाही. काकांनी त्याचा दोष देवाला दिला नाही. कागद चुकीच्या टेबलावर गेला असणार, एवढंच म्हणाले आणि पुढच्या रविवारी तीच मागणी पुन्हा पेश केली.

मी तेव्हा मिशनच्या शाळेत मास्तर होतो. चार पुस्तकं वाचल्याची ऐट होती. प्रार्थनेला जायचो ते वडिलांच्या धाकाने, आणि खरं सांगायचं तर काकांची गंमत ऐकायला. एकदा आगाऊपणे विचारलं, "काका, कचेरीच्या दारातून देवाच्या दारात कसे आलात?"

काकांनी दौतीला बूच लावलं. "दवाखान्यात बायकूपाशी बसलो होतो. तिथल्या बाईनं एक गोष्ट वाचून दावली. एक आंधळा वाटंवर वरडायलाय आन् लोक त्याला गप बस म्हनायलेत. तर प्रभू थांबला, आन् त्यालाच इचारला, तुला काय पायजे? मास्तर, मी जलमभर अर्ज लिवलो. एकाबी हाकिमानं गरिबाला असं इचारल्यालं मी बघितलो न्हाई." मी हसून मान डोलावली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचा अंमल कोसळला आणि आमच्या भागाची घडी विस्कटली. आधी निजामाच्या लोकांची भीती होती, मग सूड घ्यायला निघालेल्यांची. बाजार बंद, शाळा बंद. मी दाराला कडी लावून घरात बसलो होतो. भेकडच होतो म्हणा. काकांचा एकुलता एक मुलगा योहान मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. मंठाळकडे माणसं जखमी पडली आहेत असं कळल्यावर तो औषधांची पेटी घेऊन तिकडे गेला. दहा दिवस झाले तरी त्याचा पत्ता नव्हता.

त्या रविवारी आम्ही मोजके लोक जमलो. काका उभे राहिले. इतरांच्या मुलाबाळांसाठी त्यांनी किती दरखास्ती मांडल्या होत्या! आता स्वतःच्या लेकासाठी केवढी लांब होणार, असं वाटून मी भिंतीला टेकलो. "बखिदमत..." काकांनी सुरुवात केली आणि ते अडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडले. मग म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "बापा, माझं लेकरू." एवढंच. नाव नाही, गाव नाही.

 आमेन मीच म्हणालो, आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून म्हणालो. तोवर देव मला वरचा कोणी बडा अंमलदार वाटायचा. त्या दिवशी तो आमच्यात, काकांच्या शेजारी जमिनीवर बसला आहे असं वाटलं. माझी श्रद्धा तिथून सुरू होते. योहानचं काय झालं, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मंठाळला निघाले. मी आडवा गेलो. "काका, वाट बरी न्हाई. दोन दिवसांचं चालनं हाय."

"व्हय. म्हनूनच आत्ता निघायलोय," ते म्हणाले आणि मला बाजूला सारून गेले.

आठवड्याने एका गाडीवानाने चिठ्ठी आणून दिली. अक्षर काकांचं होतं, पण एकही उर्दू मायना नव्हता. 'योहान जिता हाय. एका कुणब्याच्या गोठ्यात जखमी लोकांना बगायलाय. सगळ्या जातीची मानसं हायत. ती जिती हायत असं मी त्यांच्या घरी कागद लिवून कळवायलोय. हात कमी पडायलेत. मास्तर, तुमी या.'

मी चिठ्ठी आईला वाचून दाखवली आणि म्हणालो, "मी मंठाळला जायलोय." मी कसा माणूस आहे, हे आईला चांगलं ठाऊक होतं.  तिने चूल पेटवली, आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं पीठ परातीत ओतलं.