जेवढ्यास तेवढं

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे मागून ‘जेवढ्यास तेवढं’ म्हणत. नाव काही खोटं नव्हतं. कुणी हसलं तर बाई हसत, कुणी मान वळवली तर यांचीही वळलीच म्हणून समजा. फुकट कुणाचं घेतलं नाही, फुकट कुणाला दिलंही नाही. त्यामुळे भांडण कुणाशीच नव्हतं आणि घरी येणारंही कुणी नव्हतं.

धाकट्या बहिणीशी दर रविवारी फोन असायचा. एकदा यांनी करायचा, एकदा तिने. एका रविवारी धाकटीचा आलाच नाही. पुढच्या रविवारी बाईंनीही केला नाही. धाकटी तरी शेवटी यांचीच बहीण. तिनेही हूं की चूं केलं नाही. याला दोन वर्षं होत आली. बाई अजून रविवारी ताटाशेजारी फोन ठेवतात आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत बसतात. धाकटीवाचून त्यांना करमत नाही. पण आधी मी का?

वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका आणि बाई आठवड्याआड जिना झाडत. काकांच्या आठवड्यात पायऱ्यांवर लाकडाचा भुसा दिसला. झालं, बाईंनी आपल्या आठवड्यात झाडूला हात लावला नाही. मग काकांनीही लावला नाही. जिन्यात धुळीचा थर साचला आणि दोघं त्यातून नाक वर करून जाऊ-येऊ लागली.

आज सकाळी पाहतात तर जिना लख्ख. आठवडा बाईंचा! त्या तरातरा वर गेल्या.

“माझ्या पाळीला तुम्ही का झाडलात?”

“अहो, तेव्हाही मी झाडला होता,” काका म्हणाले. “मागून सुतार पोती घेऊन उतरला, त्यातला भुसा सांडला. काल त्यानेच सांगितलं. तुम्हाला वाटलं मी खाडा केला, मला वाटलं तुम्ही उगाच केलात. कुणीतरी एकदा जास्त झाडल्याशिवाय हे मिटणार होतं का?”

“आणि पुढच्या वेळी मी नाही झाडला तर?”

“तर मीही नाही झाडणार. एकदा खुळा झालो, रोज नाही होणार.”

बाई खाली आल्या. आज रविवारच होता. धाकटीच्या बाबतीतही तेव्हा असाच कुठून भुसा सांडला असेल का, हे दोन वर्षांत पहिल्यांदाच मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं. त्यांनी नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

नियमाने आता पाळी धाकटीची होती. बाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा तोच नंबर लावला.