शेवटची ओळ आधी

आबाजींच्या हातात पाकीट दिलं की ते आधी शेवटची ओळ वाचत. जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. कळंबच्या पोस्टात उभा जन्म गेलेला. "नाव कोनाचंबी राह्यते. पत्ता खालून वाचाचा," असं म्हणत. ते माझे आजोबा, पण अख्ख्या आळीचे पत्तेवाले आबाजी. स्वभाव तिखट. लग्नपत्रिकांवर पत्ते घालून घ्यायला लोक त्यांच्याकडेच येत आणि पिनकोड न आणणारा तसाच परत जाई.

घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी वेबसाइटच्या पत्त्यालाही हाच नियम लावला. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून मागे वाचत यायचं. पुढे कितीही बडं नाव लावलेलं असो, मालक शेवटी असतो. सरकारचं पान असेल तर शेवटी जीओव्ही डॉट इन. एकदा शेजारचे दुकानदार वीज कापण्याचा खोटा मेसेज घेऊन आले, तर आबाजींनी त्यांना दारातच झापलं. "वाचता येते ना तुले? मंग शेवट काहून नाही पाह्यला?" पुढे कितीतरी चतुर्थ्यांना चिंतामणीच्या देवळात हा किस्सा रंगवून सांगितला जाई. दुकानदार खाली मान घालून ऐकत.

मग कॉम्प्युटर बिघडला आणि त्याच्या जागी घरात स्मार्टफोन आला. बारावीनंतर मला यवतमाळला नर्सिंगची जागा मिळाली होती. ती संध्याकाळपर्यंत ऑनलाइन पक्की करायची होती. फी भरायचा मेसेज आला, त्यातल्या लिंकवरून पान उघडलं. वरच्या अरुंद पट्टीतला पत्ता आबाजींनी फोन नाकाशी धरून वाचला. शेवटी जीओव्ही डॉट इन. "सरकारच हाये. भर बिनधास्त," म्हणाले. मी फी भरली.

पट्टी तिथे संपली होती, पत्ता संपला नव्हता. खरा मालक काचेच्या कडेपलीकडे राहिला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कळलं की ते पान खोटं होतं, माझ्या नावावर काहीच पक्कं झालेलं नाही आणि जागा दुसरीला गेली आहे.

पाकिटावरचा जिल्हा कुणी झाकून ठेवला असता तर पोस्टात त्याची नोकरी गेली असती. इथे फोन बनवणारे पान नीटनेटकं दिसावं म्हणून अर्धा पत्ता झाकतात आणि त्यांना जाब विचारणारं कुणी नाही. माझा अजून संताप होतो.

दुकानदारांना तर आयतं कोलीत मिळालं. पण त्यांचं हसणं आबाजींनी सोसलं असतं. बाबा लोहाऱ्याच्या कारखान्यातून आले, जेवायला बसले आणि मान वर न करता म्हणाले, "तुमाले कोनं सांगतलं होतं मधात पडाले?" आबाजी अर्ध्या ताटावरून उठले.

त्यानंतर त्यांनी एकही पत्ता वाचला नाही. पत्रिका घेऊन आलेल्यांना "माह्याकडं नोका आनू" एवढंच सांगत. पुढच्या वर्षी मला प्रवेश मिळाला, तेव्हाही त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी मला जवळ बोलावलं. "पन शेवटी सरकारच होतं ना वं?" मी हो म्हणाले. त्यांना तेवढंच दिसलं होतं.

आता वॉर्डात रुग्णांचे नातेवाईक फोन पुढे करतात, बाई, हे खरं आहे का बघा. मी त्या पट्टीवर बोट ठेवते आणि पत्ता शेवटपर्यंत सरकवते. सरकतो तो. आबाजींना हे कुणी सांगितलंच नाही.