चौकात अंथरलेलं घर

सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. नाटकांचे पडदे रंगवण्यात तिची हयात गेली. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, तिचा ब्रश फिरला की कापडावर हजर.

वस्ती पाडून तिथे उंच इमारती बांधायचं ठरलं आणि नगरपालिकेची माणसं चित्रं घेऊन आली. चित्रांत झाडं होती, मोठं कारंजं होतं. वस्तीतल्या लोकांना मिळणारी खोली मात्र कोपऱ्यात, नखाएवढी.

"पक्कं छप्पर तरी मिळेल," लोक म्हणाले. मावशीला काही ते पटेना. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही खोली मी खऱ्या मापात काढून बघते."

नवरा बसचा ड्रायव्हर. तो म्हणाला, "काढ. पण मला त्यात झोपवू नकोस."

"पहिले तुम्हीच."

जुन्या पडद्याच्या पाठीवर तिने अख्खी खोली उतरवली. भिंती, दार, ओटा, न्हाणीघर. लोकांच्या हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेसमोरच्या चौकात तो पडदा अंथरला आणि शेजारच्या शिंप्याचं कुटुंब सामानसुमानासह त्यात राहायला आलं. भिंतीची रेघ कुणी ओलांडायची नाही, एवढी एकच अट. शिंप्याने मशीन मांडलं तर बायकोला ओट्यापाशी जाता येईना. ड्रायव्हर आडवा झाला.

"पाय आत घ्या," मावशी म्हणाली, "शेजाऱ्यांच्या घरात गेलेत."

बघ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. गलका ऐकून मोठे साहेब खाली आले.

"या, पण दारातून या," मावशी म्हणाली. त्यांना बसायला जागा करायची म्हणून शिंप्याची पोरं उठून उभी राहिली.

खाटेवर शिंप्याची म्हातारी आई होती. तिने साहेबांना शांतपणे विचारलं, "बाळा, मी गेले की मला या दारातून आडवी कशी काढणार?"

हसू जागच्या जागी थांबलं. साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग खाटेकडे.

पुढे भांडण बरंच चाललं. काही घरं कंटाळून निघूनही गेली. पण राहिले त्यांना एकीऐवजी दोन खोल्या मिळाल्या, दारं रुंद झाली. कारंजं तेवढं गेलं.

आता दुसऱ्या वस्त्यांतून मावशीला बोलावणी येतात. ती ब्रश घेऊन जाते, तिथल्या बायकांना मापं घ्यायला शिकवते. आणि ड्रायव्हर वस्तीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपाशी बस जरा हळू घेतो. "ही घरं आमच्या हिने मोठी केली," असं पुढच्या सीटवरच्या प्रवाशाला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कंडक्टर वैतागतो, पण घंटी वाजवत नाही.