डेल्सीचं स्कूबाचं कार्ड

आमची डेल्सी सोळा वर्षांची. मावशीकडे बेटावर राहून स्कूबा शिकून आली, आणि पास झाल्याचं कार्ड गळ्यात अडकवून गावभर मिरवायला लागली. मी चुलीवर केळ्यांचं वाबुल ढवळतेय आणि हिची बडबड एकच: पाणी कसलं निळं, मासे कसले धीट! माझं डोकं उठलं.

"अगं, या गावातल्या निम्म्या पुरुषांनी तसल्याच टाक्या पाठीला लावून समुद्रतळाची शेवंड काढली. त्यांना कुणी कार्डं दिली?"

तिचा बाप अर्विन व्हीलचेअरवर बसून ऐकत होता. शेवंड काढून एकदा वर आला तो कमरेखाली लुळा होऊनच. तेव्हापासून तो लिवाला शिव्या देतो. समुद्रातली ती बाई, जास्त शेवंड काढली की माणसाचे पाय घेते.

"बाबा, लिवाबिवा काही नसतं," कार्टी उत्साहानं म्हणाली. "सारखं सारखं उतरायचं नसतं, आणि वर यायचं ते सावकाश, थांबत थांबत. हे आधीच शिकवतात! तुला नाही शिकवलं कुणी?"

"गप बस, भवाने!" मी पळी उगारली.

अर्विननं खुर्ची दाराकडे वळवली. मग म्हणाला, "बोटीवर कप्तान म्हणायचा, टाकी संपली की दुसरी लाव आणि लगेच उतर. डेल्सी, खुर्ची ढकल."

गेली दोघं. लिवा समुद्रात राहते, तिला कुणी जाब विचारायला जात नाही. कप्तान आमच्याच गल्लीत राहतो, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे.